सात वाजून दहा

पडद्यावर एक रेघ असते, तिच्यावर माझा पगार.
पहाटे ती डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीसारखी,
दुपारी बीकेसीच्या काचा तापल्या की वर,
आणि संध्याकाळी सात वाजून दहाला
मिक्सर, एसी, लिफ्टा,
तळघरात रांगेनं चार्जिंगला लावलेल्या नव्या गाड्या,
सगळे एकदम हात पुढे करतात.

नेमका तेव्हाच सूर्य गेलेला असतो.

तशी वीज आहे. माळावर पाट्यांची शेतं आहेत,
साताऱ्याच्या पठारावर पाती फिरतायत.
पण ह्या शहरात शिरायला तिला दारं मोजकी.
खाडीतून सोळा मनोरे यायचे होते, नऊ आले.
दहाव्याच्या पायाशी कांदळवन.
अकराव्याखाली कुणाचं तरी जुनं मिठागर,
त्याला सत्तावीस वारस, त्यातला एक टोरांटोत,
तो सहीचा कागद पोचल्याचंही कळवत नाही.

म्हणून खाडीकाठचा चार नंबर बॉयलर अजून जागा.
‘पुढच्या मार्चला बंद’
हे मी नोकरीला लागले त्या वर्षापासून ऐकते.

मी फोन उचलते.
‘मोकल, चाळीस वाढवा.’
‘चाळीस वाढवतो.’
आकडा परत म्हणायचा, असा नियम आहे.
बारा वर्षं आम्ही असेच बोलतो. मी त्यांना दोनदाच पाहिलंय.
दुसऱ्यांदा, कँटीनमध्ये, त्यांनी विचारलं,
‘चार नंबर गेला की राखेवरची पोरं काय करणार?
पाट्या पुसणार?
शंभर पाट्यांना किती माणसं लागतात हो, मॅडम?’
तो आकडा मला माहीत होता.
मी चहात साखर ढवळत राहिले.

हिरूबाई वैतीच्या अंगणात वलांडीवर बोंबील.
तिनं प्लास्टिकच्या खुर्चीवरून बोट फिरवलं,
काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं:
‘ही बघ तुझी रेघ.’
मी पदरानं खुर्ची पुसून बसले.
निघताना म्हणाली, ‘लाईट मात्र घालवू नको गो बाय,
बर्फात दोन पेट्या पापलेट आहे.’

आमच्या सोसायटीचंही सांगते, लपवत नाही.
गच्चीवर पाट्या लावायचा ठराव तीनदा आला.
पहिल्यांदा दळवीकाकूंचे सांडगे आडवे आले.
दुसऱ्यांदा रिडेव्हलपमेंट, की दोन वर्षांत पाडायचीच आहे, कशाला.
तिसऱ्यांदा मंजूर झाला, पेढेसुद्धा वाटले,
तोवर शेजारचा टॉवर एकतिसाव्या मजल्यावर पोचला होता.
आता दुपारी अडीचला आमचं ऊन संपतं.
सेक्रेटरी विचारतात, ‘तुम्ही वीजखात्यातल्या ना,
सावलीविरुद्ध अर्ज कुठे करायचा?’

एकदाच,
सुट्टी जोडून आलेल्या एका रविवारी
गिऱ्हाईक गावाला गेलेलं, पठारावर वारा मोकाट,
धरणं भरलेली, आणि रेघ खाली, खाली,
एवढी खाली की मला वाटलं मीटर बिघडलं.
वरिष्ठांना विचारलं. त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं.
मग मी फोन उचलला.
‘मोकल, चार नंबर उतरवा.’
‘किती ठेवू?’
‘शून्य.’
‘शून्य,’ ते म्हणाले.

तासाभरानं त्यांचाच फोन. नियमात नव्हता.
‘मॅडम, इथं भरतीचं पाणी ऐकू येतंय.
भिंतीला लागून खाडी आहे, माहीत होतं,
पण आवाज…’
पुढे बोलले नाहीत. मीही नाही.
चालू लाईनवर काही वेळ नुसती खाडी होती.

सोमवारी सगळे परतले.
पहाटेच बॉयलर पेटवायला घ्यावा लागला, तापायला वेळ खातो.
सात वाजून दहाला रेघेनं मान वर काढली.
‘मोकल, चाळीस वाढवा.’

त्या संध्याकाळी आकडा परत यायला
जरा उशीर झाला.
नोंदवहीत उशिराचा रकाना आहे.
मी तो कोरा ठेवला.